नाशिकचं स्टेशन नाशकात का नाही?



ज्या गावाला रेल्वे स्टेशन नाही त्या गावात उभं राहून रेल्वे स्टेशनवर बोलायचं, असा आजचा माझा उद्योग आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी एखाद्या उपनिषदावर बोलेन, किंवा फार तर निवृत्तिनाथांवर. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडून लोक तेच मागतात. मी म्हटलं, नाशिकरोड स्टेशनवर बोलतो. पलीकडे फोनवर जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "सर, चालेल, पण लोक येतील का?" तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो नवव्या-दहाव्या वर्षी. वडील पौरोहित्य करायचे. लांबून येणारे यजमान कधीकधी पत्र टाकून कळवायचे, अमुक गाडीनं येतोय, घ्यायला या. एकदा वडील मला बरोबर घेऊन गेले. इथून एसटीनं नाशिकला उतरलो. मी विचारलं, "आलं ना नाशिक, मग आगगाडी कुठंय?" वडील म्हणाले, "अजून दुसरी बस." पुन्हा बस, पुन्हा तासभर, आणि मग ते स्टेशन. इंजिन तेव्हा कोळशाचं होतं. इगतपुरी ते मनमाड विजेच्या तारा आल्या त्या १९६७-६८ च्या सुमारास, म्हणजे माझ्या लहानपणी नाशिकरोडला धूर होता, शिट्टी होती, आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी होती. परत येताना मी विचारलं, "नाशिकचं स्टेशन नाशकात का नाही?" वडिलांनी जे सांगितलं ते तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असणार. इंग्रज साहेब गाडी थेट गंगेपर्यंत आणणार होता. नाशिकच्या ब्रह्मवृंदानं हरकत घेतली. धुरानं तीर्थ बाटेल, गाडीतून कोणीही येईल, सोवळंओवळं राहणार नाही. साहेब घाबरला आणि त्यानं स्टेशन पाच मैल लांब नेऊन टाकलं.

वडील हे सांगताना थोडे ताठ बसले होते. आपण साहेबाला मागं सारलं, असा तो आनंद होता. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा हीच गोष्ट माझे सहकारी सांगायचे, पण लाजून: बघा, आपल्या लोकांनी हातानं प्रगती दूर लोटली. गोष्ट एकच. एकाला तिचा अभिमान, दुसऱ्याला तिची लाज. पण गोष्ट खरी का, हा प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता.

आपल्याकडे न्यायशास्त्रात एक फार उपयोगी शब्द आहे, 'अन्यथासिद्ध'. कार्याच्या आसपास असतं, पण कारण नसतं, असं काहीतरी. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे कुंभाराचं गाढव. गाढव माती वाहून आणतं, म्हणून घट तयार होताना ते तिथंच कुठंतरी उभं असतं. पण घटाचं कारण काय? माती, चाक, दंड, कुंभार. गाढव नाही. माती दुसऱ्या कशावर घालून आणली असती तरी घट झालाच असता. आता आपल्या गोष्टीला हा निकष लावू. ब्रह्मवृंदाची हरकत काढून टाकली, तर स्टेशन नाशकात आलं असतं का?

त्यासाठी नकाशा डोळ्यांसमोर आणा. इगतपुरी इथं, घाटमाथ्यावर. तिथून घोटी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिकरोड, मग गोदावरी ओलांडून ओढा, खेरवाडी, निफाड, लासलगाव, मनमाड. इगतपुरीपासून निफाडकडे दोरी ताणली तर ती साधारण नाशिकरोडवरून जाते. नाशिक शहर त्या दोरीच्या वर, उत्तरेला राहतं. गाडी शहरात न्यायची म्हणजे वळसा घ्यायचा, जास्तीचे रूळ टाकायचे, आणि नदी वस्तीतून, घाटांच्या गर्दीतून ओलांडायची. तो वळसा साहेबानं कशासाठी घ्यावा? त्याला नाशिकला यायचंच नव्हतं.

हे आपल्याला जरा लागतं, पण तसं आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, ही लंडनमधल्या भागधारकांची कंपनी होती. १८४९ साली पार्लमेंटच्या कायद्यानं ती उभी राहिली, आणि घातलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारनं दिली. ती हमी म्हणजे अखेर इथल्या रयतेच्या साऱ्याचा पैसा. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. कापूस होता खानदेशात आणि वऱ्हाडात. तो बैलांच्या पाठीवरून आणि खटाऱ्यांतून मुंबईला यायचा, अर्धा वाटेत भिजायचा, मळायचा. म्हणून रूळ निघाले मुंबईहून, आणि त्यांची नजर होती भुसावळ, खामगाव, नागपूर या बाजूला. नाशिक वाटेत पडत होतं, इतकंच. तेव्हा हरकत कोणी घेतली असेल तर घेतली असेल. तिला या घडामोडीत कुंभाराच्या गाढवाचं स्थान आहे. आणि दुसरं असं की तीर्थक्षेत्र म्हणून गाडी अडली असती तर ती काशीला आणि प्रयागला आधी अडायला हवी होती. तिथं गाडी पोचली. पंढरपूरलाही पोचली. त्याकडे मी येणार आहे.

आता थोडं तारखांचं बोलू. कंटाळा येऊ देऊ नका, यात गंमत आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे शाळेत पाठ केलेलं. पुढच्या वर्षी कल्याण. मग सह्याद्री आडवा आला. आता कंपनी थांबून राहिली नाही. तिनं घाटाच्या खाली आणि घाटाच्या वर अशी दोन्हीकडे कामं सुरू ठेवली. १८६१ च्या जानेवारीत खाली कसाऱ्यापर्यंत गाडी आली. त्याच महिन्यात वर इगतपुरी ते नाशिक गाडी सुरू झाली. ऑक्टोबरात ती चाळीसगावला पोचली. पण कसारा ते इगतपुरी, मधला घाट? तिथं रूळ नव्हते. ते सुरू झाले १ जानेवारी १८६५ ला.

म्हणजे चार वर्षं अशी गेली की नाशिकहून गाडी होती, पण मुंबईला जाणारी नव्हती. इगतपुरीला उतरायचं, आग्रा रोडनं घाट उतरायचा, पायी नाहीतर बैलगाडीतून, आणि कसाऱ्याला दुसऱ्या गाडीत बसायचं. ही चार वर्षं माझी फार आवडती आहेत. जरा विचार करा, घाटावर ती इंजिनं पोचली कशी? रूळ नव्हता, तेव्हा सडकेशिवाय वाट नव्हती. लोखंडी घोडा चालायला लागण्याआधी त्याला बैलांच्या वाटेनंच घाट चढावा लागला. नवं युग आणि जुनं युग असे सरळ कप्पे आपण करतो ना, ते या चार वर्षांत बसत नाहीत.

आणि वर्षं कुठली? १८६१ ते १८६५. अमेरिकेतलं यादवी युद्ध अगदी याच काळातलं. दक्षिणेतला कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचं वेड पसरलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ते फुटलं. ज्या कापसासाठी घाट फोडला त्याच्या तेजीची सगळी वर्षं घाट फोडण्यातच गेली. १८६५ च्या जानेवारीत घाट खुला झाला आणि त्याच वर्षी बाजार बसला. इतिहासाला विनोदबुद्धी असते, असं मी म्हणत नाही. पण कधीकधी तसं वाटतं खरं.

थळ घाटाचा चढ सदतिसास एक. सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. आपल्याला हे काहीच वाटत नाही, आपण ब्रह्मगिरी चढणारे लोक. पण लोखंडावर लोखंडी चाक घसरतं. म्हणून आजसुद्धा कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात, आणि ती इगतपुरीला सुटतात. तेरा बोगदे, सहा मोठे पूल. एहेगावचा पूल नदीच्या तळापासून एकशे ब्याऐंशी फूट उंच. हे काम कुणाच्या हातांनी झालं? मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले, त्याचं नाव पुस्तकांत आहे. पाटी वाहणाऱ्यांची नावं नाहीत. घाटांच्या कामांवर पटकी यायची आणि माणसं पटापट मरायची. खाली बोरघाटात तर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. पंचवटीनं मुंबईला जाताना इगतपुरीला वडा खातो आपण, मग बोगदे सुरू होतात आणि मुलं ओरडतात. ओरडू द्यावं त्यांना. पण एकदा तरी सांगावं की हा डोंगर पहारीनं आणि सुरुंगाच्या दारूनं फोडलाय.

आता वेळेविषयी. हा माझ्या विषयाचा भाग आहे, तेव्हा इथं मी थोडा रेंगाळणार.

आपल्या गावात वेळ कशावर मोजायचे? सूर्यावर. घटका, पळं. साठ घटकांचा दिवस, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. सूर्य डोक्यावर आला की मध्यान्ह. प्रत्येक गावाची मध्यान्ह वेगळी, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. गाडी आली आणि बिघडलं. मुंबईची वेळ निराळी, कलकत्त्याची निराळी, आणि १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरला रूळ जोडले जाऊन मुंबई ते कलकत्ता सलग गाडी झाली. मग वेळापत्रक कुणाच्या घड्याळावर लिहायचं? रेल्वेनं मधली म्हणून मद्रासची वेळ घेतली. मद्रास आपल्या पूर्वेला, साधारण साडेसहा अंश. एका अंशाला चार मिनिटं. हिशेब करा: नाशिकरोडच्या स्टेशनवरचं घड्याळ नाशिकच्या सूर्याच्या पुढे सुमारे सव्वीस मिनिटं. म्हणजे एक घटका आणि वर दोन मिनिटं.

ही एक घटका कितीतरी यात्रेकरूंना नडली असणार. माणूस सूर्य बघून घरून निघणार, आणि गाडी मद्रासच्या सूर्यावर सुटणार. पुढे १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली, साडेब्याऐंशी अंशांची. तिच्यात आणि त्र्यंबकच्या सूर्यात जवळजवळ छत्तीस मिनिटांचं अंतर आहे. दीड घटका, अगदी नेमकी. आज मनगटावर बारा वाजतात तेव्हा कुशावर्तावर सूर्य अजून पूर्वेकडे असतो. खरी मध्यान्ह साधारण साडेबारा उलटल्यावर, ऋतूप्रमाणे थोडं इकडेतिकडे. आपले गुरुजी मुहूर्त काढताना हा फरक धरतात, पंचांगात तो दिलेला असतो. पण बाकी सगळं गाव कुठल्या वेळेवर चालतं? रेल्वेच्या. एसटी त्या वेळेवर, शाळा त्या वेळेवर, मंदिराची आरतीसुद्धा. स्टेशन इथं आलं नाही, पण स्टेशनवरचं घड्याळ आलं. मुंबई शहरानं मात्र ही प्रमाण वेळ बरीच वर्षं पूर्णपणे मानली नाही, तिथं 'बाँबे टाइम' चालू होता, पार १९५५ पर्यंत. आणि आपण इथं काहीच हरकत घेतली नाही! तीर्थ बाटतं म्हणून हरकत घेतल्याची गोष्ट आपण सांगतो, आणि सूर्य बदलला तर कोणी हूं की चूं केलं नाही.

असो. आता 'रोड' या शब्दाकडे येतो. स्टेशनच्या नावात रोड असतो तेव्हा त्याचा अर्थ असा की हे ते गाव नव्हे, इथून त्या गावाला रस्ता जातो. वसई रोड, डहाणू रोड, आबू रोड. कोकण रेल्वे झाली तेव्हा पुन्हा तेच: राजापूर रोड, संगमेश्वर रोड, सावंतवाडी रोड. रेल्वे मोठी प्रामाणिक संस्था आहे. ती म्हणते, मी तुम्हाला इथवर आणलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

त्या पुढच्याचं नाशकानं काय केलं? आधी टांगे आणि धमण्या. वाटेत बरंचसं रान. मग १८८९ च्या सुमारास ट्राम आली. हो, नाशकात ट्राम होती, तरुण मंडळींना खरं वाटत नाही. मेन रोडवर जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून थेट स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर. रूळ अरुंद, अडीच फुटांचे. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. म्हणजे मुंबईहून वाफेनं यायचं आणि शेवटचे पाच मैल घोड्यानं. पुढे पेट्रोलवर चालणारं इंजिनही आलं. १९३० नंतर दोन-तीन वर्षांतच ती बंद पडली. दुष्काळ, प्लेग, आणि मोटारी.

या ट्रामचा सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. नाव लक्षात ठेवा, कारण आपल्या गावाशी त्याचा उलटा संबंध आहे. याच गृहस्थानं पुढे बार्शी लाइट रेल्वे बांधली, त्याच अडीच फुटी रुळांवर. कुर्डुवाडीला तेव्हा म्हणत बार्शी रोड. बघा, पुन्हा रोड! १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली, आणि १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली. म्हणजे तिथं रोड संपला आणि गाव आलं. विठोबाला गाडी मिळाली, त्र्यंबकराजाला नाही. निवृत्तिनाथांच्या यात्रेला पौष वद्य एकादशीला दिंड्या अजून चालत येतात. पंढरपूरला गाडी गेली तरी दिंड्या तिथंही चालतच जातात, हा भाग वेगळा. चालणाऱ्याला स्टेशनची गरज नसते. ती म्हाताऱ्यांना असते, आजाऱ्यांना असते, अस्थी घेऊन आलेल्या मुलाला असते.

स्टेशननं आपलं स्वतःचं एक गाव तयार केलं, तेही सांगायला हवं. देवळालीला लष्कराची छावणी पडली. मायदेशी परत जाणारे गोरे शिपाई तिथं बोटीची वाट बघत ठेवायचे. बोटी ठरावीक महिन्यांतच असत, हंगाम चुकला तर महिनोन्‌महिने रिकामं बसायचं. उकाडा, दारू, मलेरिया, आणि काम काही नाही. त्यातून माणसं भ्रमिष्ट व्हायची. इंग्रजीत वेड्याला 'डूलॅली' म्हणतात तो शब्द देवळालीचाच. मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजी भाषेला नाशिक जिल्ह्याची ही देणगी. मग १९२५ च्या आसपास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आला, तिकिटं आणि स्टँपपेपर छापायला, आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना. त्याआधी नोटा विलायतेहून छापून यायच्या. देशाचा पैसा जिथं छापायचा ती जागा मुंबईपासून फार लांब नको, फार जवळ नको, हवा कोरडी हवी आणि दाराशी रेल्वे हवी. हे सगळं एका ठिकाणी मिळालं. प्रेसच्या भोंग्यावर नाशिकरोडचे संसार चालले. नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळी होती, १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा ती नाशकात आली. म्हणजे नाशिकच शेवटी स्टेशनकडे चालत गेलं. आज मध्ये रान कुठं राहिलंय? द्वारक्यापासून बिटकोपर्यंत सलग दुकानं.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय खरा घेतला, तिथं येतो. इथं मला थोडं सांभाळून बोलायचं आहे, कारण मी या गावचा आहे आणि पुरोहिताच्या घरातला आहे.

वडिलांच्या गोष्टीत एक वाक्य होतं, 'गाडीतून कोणीही येईल'. हे 'कोणीही' म्हणजे कोण? आपल्याला माहीत आहे. रेल्वेचं तिकीट हा आपल्या समाजातला एक विलक्षण कागद होता. त्यावर कुठून कुठपर्यंत आणि कोणता वर्ग एवढंच लिहिलेलं. जात लिहिलेली नव्हती. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोण कुणाला खेटून बसलंय हे विचारायची सोय नव्हती. स्टेशनवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं असायचं, हे खरं आहे, आणि अस्पृश्याला त्यातलं कुठलं मिळायचं ते विचारू नका. पण डब्यात तरी तिकीटवाला तो तिकीटवाला.

मग अडचण कुठं होती? स्टेशनच्या बाहेर. 'रोड'वर.

डॉ. आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या आहेत, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं त्या नंतर प्रसिद्ध झाल्या. त्यातली पहिली आठवण १९०१ सालची आहे. लहान भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मुलं चांगले कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं मायेनं चौकशी केली, आणि मुलं महार आहेत कळल्यावर तो झटकन मागं सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. अखेर एक कबूल झाला: भाडं दुप्पट, आणि गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. आगगाडीनं त्यांना आणलं होतं. बैलगाडीनं आणलं नाही.

दुसरी आठवण तर आपल्याच मार्गावरची आहे. १९२९ चा ऑक्टोबर. मुलगा आता बॅरिस्टर झालेला, मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीचा सभासद. धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तेच चाळीसगाव, जिथं १८६१ मध्ये नाशिकहून गाडी पोचली होती. महारवाड्यातली मंडळी न्यायला आली होती. त्यांना स्टेशनवर बराच वेळ खोळंबावं लागलं. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. पाहुण्याला चालत न्यायचं मंडळींना बरं वाटेना. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्यानं द्यायचा, पण हाकायला त्यांच्यातलाच कोणी. ज्याला हाकायला बसवलं त्याला हाकता येत नव्हतं. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. घोडा आणि टांगा नदीत पडला.

रेल्वेचा इतिहास लिहिताना लोक बोगद्यांची लांबी लिहितात. मला वाटतं हे अंतर लिहायला पाहिजे. स्टेशन ते महारवाडा. दोनेक मैल.

आणि पुढचं बघा. चाळीसगावला पाय मोडला ऑक्टोबरात. त्यानंतर साडेचार महिन्यांच्या आत, २ मार्च १९३० ला, नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथं उभा केला आणि चालवला, पाच वर्षांच्या आसपास. हजारो माणसं आली, बायका आल्या. देवळाच्या दारापर्यंत आली आणि दार लावून घेतलं गेलं. १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. येवला मनमाडच्या शेजारी.

मी हे आपल्या गावात मुद्दाम बोलतोय. ब्रह्मवृंदानं स्टेशन पाच मैल लांब ठेवलं, ही गोष्ट खोटी आहे असं मी मघाशी दाखवलं. रुळांच्या बाबतीत ती खोटीच आहे. पण स्टेशन आणि देऊळ यांच्यामध्ये जे अंतर ठेवलं गेलं ते कुणी ठेवलं? तिथं मात्र कुंभाराचं गाढव शोधून चालणार नाही. तिथं आपण चाकावर बसलेले होतो. वडील गेले त्याला आता चाळीस वर्षं होतील. हे त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं. त्यांचा आवाज चढला असता, आणि मग बहुतेक ते गप्प बसले असते.

(पाणी घेतो जरा.)

आता थोडं पुढचं, आणि मग थांबतो. २०२७ चा सिंहस्थ आपल्या दारात आहे. मुंबईपासून सलग गाडी सुरू झाल्यानंतरचा पहिला सिंहस्थ १८७२ चा, आणि तेव्हापासून प्रत्येक सिंहस्थात एकच प्रश्न: उतरलेल्या माणसांचं काय करायचं? डहाणूहून त्र्यंबकमार्गे नाशिकला रेल्वे, हे मी लहानपणापासून ऐकतोय. आता पुन्हा बोललं जातंय. गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो गाडी आलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, एवढ्याशा गावात गाडी आली तर आपण गुदमरू.

माझं मत विचाराल तर ते धड दोन्हीकडे नाही. गर्दी मरते ती नदीवर कमी आणि अरुंद जागी जास्त. २००३ मध्ये नाशकात घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, आपल्याला ती आठवते. २०१३ मध्ये अलाहाबादला कुंभाच्या दिवसांत रेल्वे स्टेशनवरच तीसहून अधिक माणसं गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत प्रयागला निघालेली अठरा माणसं नवी दिल्लीच्या स्टेशनवर गेली. प्रयाग कुठं, दिल्ली कुठं! म्हणजे स्टेशन हीच अरुंद जागा आहे. जिना, पूल, फलाट बदलल्याची ऐनवेळची घोषणा. नाशिकरोड नाशकापासून लांब आहे, ही इतकी वर्षं आपली गैरसोय होती. सिंहस्थात ती बांधासारखी उपयोगी पडते. लोंढा एकदम घाटावर येत नाही. पण बांध फुटू द्यायचा नसेल तर सगळं पाणी एका दारातून सोडून चालत नाही. देवळाली आहे, ओढा आहे, खेरवाडी आहे. गाड्या तिथंही थांबवा. फलाट एकदा जाहीर केला की मरेस्तोवर बदलू नका. आणि उतरलेल्या म्हातारीला कळेल अशा भाषेत, तेलुगूत, बंगालीत, हिंदीत, पाट्या लावा. गोदावरीचं माहेर हे गाव. राजमहेंद्रीची माणसं इथं उगम बघायला येतात आणि त्यांना 'प्रसाधनगृह' वाचायला लावतो आपण.

त्र्यंबकला रेल्वे यावी का? यावी, पण गावाच्या बाहेर, दोन-तीन किलोमीटरवर. आणि नाव काय द्यावं? मंडळी हसतायत. हो, त्र्यंबक रोड. पण मग त्या दोन-तीन किलोमीटरवर म्हाताऱ्या माणसाला काय वाहन मिळणार, ते कोण चालवणार, किती घेणार, आणि कुणाला बसवायला नाही म्हणणार नाही ना, हे आधी लिहून काढा, रुळांचं नंतर बघू.

एक राहिलं. अजून एक गृहस्थ १८७० सालचे, ज्या वर्षी मुंबई-कलकत्ता रूळ जोडले गेले त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच गावात जन्मलेले. दादासाहेब फाळके. त्यांच्यावर बोलायचं तर आणखी तास लागेल, तो पुढच्या वर्षी द्या.

प्रश्न असतील तर दोनच घेऊ. नाशिककडे जाणाऱ्यांची शेवटची एसटी चुकायला नको. ती रेल्वेच्या वेळेवर सुटते, सूर्याच्या नाही.